काडेपेटीएवढं कपाट

कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं ते अडकलंच. तीन हमाल खाली राहिले, एक वर. वरच्याचा जेवणाचा डबा खाली होता, त्यामुळे सगळ्यात जास्त आरडाओरडा त्याचाच.

"शक्यच नाही," नकाशेवाले काका म्हणाले. त्यांचा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला होता. नवं घर ठरल्यावर त्यांनी पंधरा दिवस खपून या जिन्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल बनवलं होतं. पायऱ्या, कठडे, सगळं अगदी मापात. कपाटाच्या जागी काडेपेटी. ती रोज न चुकता वर चढायची. तिच्या भरवशावरच काकूंच्या आईचं कपाट मोडीत जायचं वाचलं होतं.

"अहो, मी काय म्हणते..."

"थांब गं, मोजतोय."

काकांनी मॉडेल पायरीवर ठेवलं आणि दोन बोटांत धरून काडेपेटी सुर्रकन वर नेऊन दाखवली. हमालांच्या मुकादमाने वाकून पाहिलं.

"साहेब, यात आम्ही कुठं आहोत?"

काकांनी पेटीतून चार काड्या काढल्या आणि त्यांचे चार हमाल केले. एक पुढे, तीन मागे. काडेपेटी वळणापर्यंत गेली आणि अडकली. काकांचा चेहरा खुलला.

"बघा! आता मॉडेल अगदी बरोबर आहे!"

"बरोबर आहे, पण माझा डबा?" वरून आवाज आला.

"अहो, ऐका तरी..."

"थांब म्हटलं ना!"

मुकादमाने करवत मागवली. कपाटाची एक बाजू कापल्याशिवाय ते हलणार नव्हतं. आईची तेवढी एकच वस्तू काकूंकडे उरली होती. त्यांनी काकांच्या हातातली काडेपेटी हिसकावली आणि बोटाने ढकलली. आतला खण बाहेर आला. एका हातात खण, दुसऱ्या हातात रिकामं खोकं.

"कपाटाचेही असेच दोन भाग होतात. मागच्या चार खिट्ट्या काढल्या की वरचं वेगळं, खालचं वेगळं. बाबांनी तसंच आणलं होतं."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

काकूंनी पायरीवरच्या चार काड्यांकडे बोट दाखवलं.

"हे चौघे निदान आत्ता तरी आले. तुमच्या त्या जिन्यात मी अजून आलेय कुठं?"