बाजूला थांबलेली गाडी

आयर्लंडमध्ये आल्यावर डॉ. पद्मजाने ज्याला हात धरून टाके घालायला शिकवलं, तो नीअल आज कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर होऊन त्याच पदासाठी तिचाच इंटरव्ह्यू घ्यायला बसला होता.

“सात वर्षं कन्सल्टंटच्या हाताखाली रजिस्ट्रारच? आम्ही सगळे पुढे निघून गेलो, पद्मजा.”

ती खुर्चीत ताठ बसली. “उन्हाळ्यात जपानला गेले होते. एका छोट्या गावाच्या स्टेशनात आमची गाडी बाजूला थांबली. गावातली माणसं निवांत चढत होती, तेवढ्यात मागच्या दोन बुलेट ट्रेन आम्हाला ओलांडून सुसाट निघून गेल्या.”

नीअल हसला. “मग तुझी साधी पॅसेंजर असणार.”

 

पद्मजाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “नाही. तीही बुलेट ट्रेनच होती.”