छातीभर श्वास

कम्युनिटी कॉलेजात श्वासोपचार शिकणाऱ्या मुली केंटकीतल्या इस्पितळात सरावाला आल्या होत्या. कोळशाच्या खाणीत छाती खर्ची घातलेला म्हातारा व्हर्जिल, खोल श्वास घ्या म्हणणाऱ्या कुणालाच दाद देईना. "आता कशाला ओढायचा श्वास?" म्हणत तोंड फिरवायचा.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्या मुलींमधली ट्रीना त्याच्यावर वाकली. "आजोबा, एकदाच. माझ्यासाठी." आणि म्हाताऱ्यानं डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. मग आणखी एक.

"बघा, मायेनं बोललं की असं होतं," शिकवणाऱ्या मॅडम सगळ्यांना म्हणाल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ट्रीनाला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. म्हातारा तिच्या कानाशी हळूच म्हणाला होता,

"अशीच जवळ थांब, पोरी. तुझ्या केसांना सिगारेटचा वास येतोय. माझी सिगारेट तर डॉक्टरांनी कधीच बंद केली."