तिसरं लिंबू
दसऱ्याला आईनं माझ्या गाडीच्या चाकापुढं लिंबू ठेवलं. गेल्या दोन दसऱ्यांची लिंबं तशीच वाळली, कारण गाडी जागची हललीच नव्हती. जीपचा सांगाडा, भंगारातलं इंजिन, अ‍ॅम्बेसेडरचे गोल दिवे असं एकेक आणून जुन्या थाटाची बिनछपराची रेसगाडी मी तीन वर्षं आमच्या गावी, शिवऱ्यातल्या गोठ्यात जुळवत होतो. यंदा इंजिन एकदाचं सुरू झालं. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर गाडी हातभर मागं गेली आणि बंद पडली. मागचा अ‍ॅक्सल मी उलटा बसवला होता, त्यामुळं पहिल्या गिअरलाच चाकं मागं फिरत होती. "भंगारच त्ये, मागंच जानार," शेजारचे मानसिंगतात्या म्हणाले. मी खाली उतरून पाना भिरकावला. "समदी खोलायला लागंल परत." आईनं तात्यांकडं बघितलंही नाही. तिनं लिंबू उचललं, गाडीला वळसा घातला आणि ते मागच्या चाकामागं ठेवलं. ती म्हणाली, "टाक परत पहिला."