आवसेची ओळ

नामा कर्जतकडचा भात लावणारा, पण अलिबागच्या वाळूत उभा राहून स्वतः रचलेली दर्याची गाणी म्हणायचा. ‘आवसेला दर्या निजला’ ही त्याची ओळ फार गाजली. एका आवसेला गाणं संपताच त्याचा ढोलकीवाला गजा तीच ओळ गुणगुणत पोहायला उतरला आणि परतलाच नाही. आवसेला समुद्राला उधाण असतं, हे खाचरात वाढलेल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. वर्षभरानं शिळफाट्याच्या एका हळदीला लोकांनी तेच गाणं मागितलं. गजाची ढोलकी शेजारी मुकीच ठेवून नामानं ओळ बदलली, ‘आवसेला दर्या खवळला.’ ‘चुकलास रं!’ म्हणत अख्ख्या मांडवानं जुनी ओळ उचलली. नामाला सूर लागेना. मांडवाबाहेर बसलेली गजाची बायको गौराबाई आत आली आणि ढोलकीवर हात ठेवून म्हणाली, ‘भावजी, जुनीच म्हना. दर्या निजलाय मानूनच ते उतरले. नवी म्हनलात, तर ते जानूनबुजून गेले असं हुईल.’