बिनआवाजाचे बूट

"हे बूट नकोत, काका," धापा टाकत वृंदा ट्रेडमिलवरून उतरली.

उपाध्ये चक्रावलेच. बूट बनवण्यात त्यांची हयात गेली होती, पण इतकं सुरेख धावणारी पोरगी त्यांनी क्वचितच पाहिली होती. मॅरेथॉनसाठी बनवलेल्या या नव्या बुटांत तर तिला दमही कमी लागला होता. "अगं, चावतात का कुठं?"

"छे हो! लोण्यासारखे आहेत. पण आवाजच करत नाहीत."

"तो घालवायलाच तर माझी दोन वर्षं गेली!"

वृंदानं आपले जुने, फटफट वाजणारे बूट पुन्हा चढवले. "माझ्या ताईला दिसत नाही. शर्यतीत आम्ही एकच दोरी हातात धरून धावतो. दोरीनं तिला वळण कळतं. पाऊल मात्र ती माझ्या बुटांच्या आवाजावर टाकते."

"पण यांत तू दमशील की!"

"दमेन. ताई अडखळणार नाही."

संध्याकाळी मैदानावर दोघी बहिणी धावायला लागल्या. कठड्याशी उभं राहून उपाध्यांनी डोळे मिटून घेतले. दोघी अगदी जवळून गेल्या, तेव्हा त्यांना एकाच माणसाची पावलं ऐकू आली.