हरलेल्याने बर्फ उपसायचा

नॉर्बर्ट ग्रीन बे संघाचा चाहता, तर शेजारचा लाइल शिकागो संघाचा. दोघांच्या संघांची फुटबॉलची गाठ पडली, की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या अंगणातला बर्फ हिवाळाभर उपसायचा, ही त्यांची तरुणपणापासूनची पैज.

यंदा हरणारा संघ स्पर्धेबाहेरच जाणार होता. सामन्याच्या आदल्या दिवशी नॉर्बर्ट आजारी लाइलच्या खाटेशी बसला होता.

"तुमची बचावफळी म्हणजे उघडं फाटक आहे रे!"

"फावडं काढून ठेव," लाइल धापा टाकत हसला. "आणि कोपरे नीट साफ कर. दरवर्षी तसेच सोडतोस, लबाडा."

सामना ग्रीन बेने जिंकला. रात्रभर बर्फ पडला. सकाळी नॉर्बर्ट लाइलच्या अंगणात फावडं चालवत होता. फाटकापाशी वाकून त्याने दोन्ही कोपरे खरवडून काढले.

लाइलची बायको आर्लीन दारात आली. तिचे डोळे सुजले होते.

"नॉर्बर्ट, अरे, जिंकलात तर तुम्ही ना?"

"हो," तो मान वर न करता म्हणाला. "पण शववाहिका लांब असते, आर्लीन. तिला वळायला कोपरे मोकळे लागतील."