बाहेर चार मिनिटं

नागपूरच्या विमानतळावर उषाताई फलकाकडे टक लावून उभ्या होत्या. कोल्हापूरहून येणारी दोन विमानं होती. साधं : दीड तास. शीघ्र : बाहेर चार मिनिटं, आत झोपेत वयाची बावीस वर्षं. अगदी कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तरच लोक शीघ्र विमानात बसत.

"अगं, केतकी साध्याच विमानाने येईल," शेजारी बसलेले भाऊराव म्हणाले. "पोरगी शहाणी आहे आपली."

सकाळी भाऊरावांना भोवळ आली, तेव्हा उषाताईंचं धाबं दणाणलं. नेहमीच्या सवयीने त्यांनी आधी लेकीला फोन लावला. "बाबांचं काही खरं नाही गं, असशील तशी निघ!" दहा मिनिटांत साखरपाणी पिऊन भाऊराव उठून बसले, वर पोहे मागितले. तेव्हापासून उषाताई फोन करत होत्या आणि केतकीचा फोन बंद होता.

शीघ्र विमानाचा दिवा हिरवा झाला. दार उघडलं आणि पाच-सहा प्रवासी बाहेर आले. त्यांच्यात भाऊराव आपली तिशीतली केतकी शोधत राहिले.

"बघ, नाही आली," ते हसून म्हणाले.

उषाताई दाराकडेच बघत होत्या. पिकल्या केसांची एक बाई धावत आली आणि भाऊरावांचा चेहरा चाचपू लागली. "बाबा! आहात ना तुम्ही!"

मग ती उषाताईंच्या पाया पडायला वाकली, आणि गुडघ्यावर हात दाबून, अगदी त्यांच्यासारखीच, "आई गं" म्हणाली.